बिब्ब्यातली गोडंबी

बहिणाबाईंचं संसाराचं गाणं ठाऊक नाही असा माणूस आमच्या भागात सापडायचा नाही. पण विचारा, तर दहातले नऊ जण तव्याचं पहिलं कडवं म्हणतात आणि थांबतात. मीही त्यातलाच.

२०१४ साली गारपिटीनं उभी ज्वारी आडवी केली. गहू गेला, हरभरा गेला. कारभारीण चुलीपुढं बसली होती, गप्प. तिला धीर द्यावा म्हणून मी तेच कडवं म्हटलं. ती भाकरी उलटता उलटता म्हणाली, "अहो, चटके माझ्या हाताला आणि भाकरी तुमच्या ताटात. गाणं बरं सुचतं तुम्हाला!"

मला बोलता आलं नाही. जेवण उतरलं नाही. मग काही दिवसांनी पुस्तक काढून सगळं गाणं वाचलं, दहावीपर्यंत शिकलेल्या माणसाला जमेल तसं.

वाचल्यावर कळलं, हे सोसा म्हणून सांगणारं गाणं नाहीच. मिळालेल्या आयुष्याचं हे ऋण मानणं आहे. बाई संसाराला खोटा म्हणू देत नाही, ओझं म्हणू देत नाही. आणि दाखले कुठले देते? काकडीचा, बिब्ब्याचा, काटेरी शेंगेतल्या सागरगोट्याचा. सगळं हाताखालून गेलेलं. काकडीचं टोक कडू लागतं, म्हणून कुणी वेल उपटत नाही. टोक कापायचं, चोळून फेस काढायचा आणि खायची.

बिब्ब्याचा दाखला तर फार खोल आहे. शहरातल्या वाचकाला सांगतो, बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की बिब्बा उततो, कातडीला फोड येतात. त्याच्याच पोटात गोडंबी असते, जी बाळंतिणीच्या लाडवात पडते. बहिणाबाई तेवढी गोडंबी दाखवते. पण ती आयती मिळत नाही, कुणाची तरी बोटं भाजल्याशिवाय निघत नाही. हे तिला सांगावं लागलं नाही, कारण तिचे ऐकणारे बिब्बे फोडणारेच होते. आपण भाषणातून हे गाणं म्हणतो तेव्हा गोडंबी उरते, बोटं गळून जातात.

बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. ऐन तिशीत त्या विधवा झाल्या. शेतात, जात्यावर गाणी जुळवली. ती सोपानदेवांनी आणि इतरांनी टिपून ठेवली, आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं १९५२ साली छापली गेली. तेव्हा बाई हयात नव्हत्या, आदल्याच वर्षी गेल्या होत्या. नावलौकिक मिळाला म्हणून त्यांनी आयुष्याचे आभार मानले नाहीत. पदरात होतं त्यातच ते मानले.

माझी तक्रार गाण्याबद्दल नाही, म्हणणाऱ्याबद्दल आहे. स्वतःच्या आयुष्याला गोड म्हणायचा हक्क ज्याचा हात भाजला त्याचा. दुसऱ्यानं तेच शब्द त्याला ऐकवले की त्याचा उपदेश होतो. मयताच्या घरी, कर्जात बुडालेल्याच्या ओट्यावर, सासरी गांजलेल्या पोरीपुढं हे गाणं म्हणणारी माणसं मी पाहिलीत. चूल भलत्याचीच पेटलेली असते, आणि आपण लांबून म्हणतो, चटका बसायचाच!

आमच्या लेकीचं बाळंतपण घरी होतं तेव्हा कारभारीण हाताला तेल चोळून बिब्बे फोडायला बसली. तरी दोन बोटांवर फोड आलेच. मी म्हणालो, "विकत आणू गोडंबी." ती म्हणाली, "राहू द्या." आणि जरा वेळानं आपल्याशीच ते गाणं म्हणायला लागली. तव्याचं कडवं तिनं घेतलंच नाही. बिब्ब्यापासून धरलं.

मी दाराशी बसून ऐकलं. मधे बोललो नाही.