कर्ता, करण आणि कशिदा

फॅशन-डिझाइनचे शिक्षण देणाऱ्या संस्थांनी आपले विद्यार्थी परंपरागत कारागिरांकडे धाडावेत, ही प्रथा आता रुळली आहे. १९८६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेत कारागिरांच्या वस्त्यांवर जाऊन नोंदी करणे हा शिक्षणाचाच भाग मानला जातो. अशा उपक्रमांस ‘सहकार्य’ म्हणतात. हे नाव कितपत सार्थ आहे, याची परीक्षा हिंगोली जिल्ह्यातील तांड्यांना परिचित असलेल्या बंजारा कशिद्यावर करता येईल. फेटिया-कांचळीवरील आरसे, कवड्या व टाके हे त्याचे घटक होत.

प्रथम या व्यवहाराची भाषा पाहावी. ‘विद्यार्थ्याने आदिवासी कलेपासून प्रेरणा घेऊन स्थानिक महिलांकडून पोशाख तयार करून घेतला’, या धर्तीचे वाक्य अशा वर्णनांत सहज बसते. यात विद्यार्थी हा प्रयोजक कर्ता आणि महिला या प्रयोज्य कर्त्या होत. म्हणजे व्याकरणाने त्यांचे कर्तृत्व अद्याप राखले आहे. परंतु पुढे ‘हातकाम : स्थानिक महिला’ एवढीच ओळ उरते, तेव्हा त्या सुईप्रमाणे केवळ करण ठरतात. पाणिनीने कर्त्याचे लक्षण स्वातंत्र्य हे सांगितले आहे. नेमके तेच येथे लोपते. ‘आदिवासी’ हे विशेषणही सैल आहे. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत, तेलंगणात अनुसूचित जमातींत, तर कर्नाटकात अनुसूचित जातींत गणला जातो.

टाक्यांची नावे गाळल्याने होणारी हानी याहून सूक्ष्म आहे. कर्नाटकातील संडूरच्या लंबाणी कशिद्यात वेले, मकी, नाकरा, रेलो, तेरा दोरा अशी नावे नोंदली गेली आहेत. मराठी ‘घोडा’ बंजारा बोलीत ‘घोडो’ होतो. ‘रेलो’मधील ओकार त्याच जातीचा, राजस्थानी भाषांशी नाते सांगणारा दिसतो. ग्रियर्सनने आपल्या भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात या बोलीची नोंद केली होती. टाक्याच्या नावात एका समाजाच्या प्रवासाची खूण असते; तेथे ‘क्रॉस-स्टिच’ लिहिले की ती पुसली जाते.

कायदाही येथे अपुरा पडतो. २००० च्या डिझाइन कायद्यानुसार मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी केलेल्या डिझाइनचा स्वामी तो मोबदला देणारा असतो; व्याकरणातील प्रयोजक येथे मालक बनतो. भौगोलिक संकेतांक स्थळाशी बांधलेला आहे. वसमतच्या हळदीला तो २०२४ मध्ये मिळाला, हे यथार्थच. हळद मातीत रुजते. संडूरच्या कशिद्यालाही तो लाभला आहे. परंतु बैलांच्या तांड्यांबरोबर देशभर फिरलेला टाका एका तालुक्याच्या सीमेत मावत नाही. हिंगोलीच्या स्त्रीने तोच टाका घातला, तरी संडूरच्या नोंदीचे संरक्षण तिला नाही.

ऑस्ट्रेलियातील एक निवाडा या संदर्भात मननीय आहे. जॉनी बुलुन बुलुन या आदिवासी चित्रकाराचे चित्र कापडावर अनुज्ञेवाचून छापले गेले. १९९८ साली तेथील संघीय न्यायालयाने चित्राचे स्वामित्व चित्रकाराकडेच ठेवले. मात्र आपल्या गणाच्या हिताला बाध येईल असा त्याचा वापर न करण्याचे बंधन त्याच्यावर आहे, असेही मानले. व्यक्तीचे कर्तृत्व आणि समूहाचा हक्क एकत्र नांदू शकतात, हे यातून दिसते.

यावर असा आक्षेप येईल की विद्यार्थ्याचे योगदान नाकारणे अन्यायाचे आहे. ते नाकारण्याचे कारणच नाही. बेत, माप आणि बाजारपेठेची जाण ही त्याची आहे, आणि परंपरागत टाका नव्या वस्त्रावर आणणे हा काही अपराध नव्हे. प्रश्न एकाच्या कर्तृत्वासाठी दुसऱ्याचे पुसण्याचा आहे. म्हणून विद्यापीठीय मूल्यमापनात पोशाखाच्या सौंदर्याबरोबर तीन गोष्टी तपासाव्यात : कशिदा करणारीचे नाव तिच्या संमतीने दिले आहे काय, टाक्याचे नाव तिच्या बोलीतले आहे काय, आणि नमुना पुन्हा वापरताना तिला नकार देण्याचा अधिकार आहे काय. यांतील तिसरी कसोटी निर्णायक होय. जिला नकार देता येत नाही, तिच्या होकाराला सहकार्य म्हणता येत नाही.