‘लज्जागौरी’ : देवीचा शोध आणि उपासक स्त्री

प्रस्तावना :
लोकदैवतांच्या मराठी अभ्यासात डॉ. रा. चिं. ढेरे (१९३०-२०१६) यांच्या ‘लज्जागौरी’ (१९७८) या ग्रंथाचे स्थान मोलाचे आहे. मस्तकहीन, उत्तानपाद देवीमूर्तींचा अर्थ त्यांनी भूमीच्या सर्जनशक्तीशी जोडला; रेणुका-यल्लम्मा यांच्या उपासनेतील वारुळाचे मर्म उलगडले. अश्लील म्हणून दुर्लक्षिलेल्या प्रतिमांना त्यामुळे सांस्कृतिक प्रतिष्ठा लाभली. देवी स्त्रीरूप असली म्हणजे उपासनेचा अधिकारही स्त्रीकडे असतो काय, या प्रश्नाच्या अंगाने प्रस्तुत लेखात या ग्रंथाचा विचार केला आहे.

विवेचन :
येथे ओकिनावाच्या पारंपरिक धर्माशी तुलना उद्बोधक ठरते. तेथील र्‍युक्यू राज्यात गावाचे पौरोहित्य ‘नोरो’ या स्त्रियांकडे असे. ‘उताकी’ हे त्यांचे देवस्थान म्हणजे बांधीव मंदिर नव्हे, तर राखलेले देवरान. आपल्याकडे राखी बांधून घेणारा भाऊ रक्षणकर्ता ठरतो; तेथे बहीणच भावाची दैवी संरक्षक मानली गेली. तथापि या पुरोहित स्त्रियांची राज्यव्यापी उतरंड राजा शो शिन (१४७७-१५२६) याने बांधली, आणि १८७९ मध्ये जपानने राज्य खालसा केल्यावर तिचा राजाश्रय संपला. म्हणजेच धर्माधिकार स्त्रीकडे असला तरी राजसत्ता पुरुषांकडेच होती. मातृदेवतेवरून थेट मातृसत्तेचे अनुमान काढणे म्हणूनच धोक्याचे आहे.

मराठवाड्यात स्थिती याहून वेगळी आहे. अंबडची मत्स्योदरी असो वा पाणवठ्यावरच्या साती आसरा, स्त्रिया ओटी भरतात, आराधिनी परडी घेऊन जोगवा मागतात. अंगात आलेल्या स्त्रीपुढे गाव नमते. वारे ओसरले की तिचा शब्दही ओसरतो. विटाळाच्या नावाखाली तीच स्त्री देवीपासून दूर ठेवली जाते.

ढेरे यांची भिस्त पुराणकथा, मूर्ती, स्थलनामे व व्युत्पत्ती यांवर आहे. देवीच्या मूळ रूपाचा शोध घेण्यास ही साधने समर्थ आहेत. मात्र त्यांतून उपासक स्त्री प्रामुख्याने पुरावा म्हणून दिसते, अर्थ लावणारी म्हणून नव्हे. ही व्यासंगाची उणीव नसून पद्धतीची मर्यादा होय.

निष्कर्ष :
देवीला तिचा इतिहास मिळाला. तिच्या उपासिकेला अद्याप मिळावयाचा आहे. जालना जिल्ह्यातील आराधिनींची गीते व त्यांनी स्वतः सांगितलेले अर्थ नोंदविणे, हे ढेरे यांच्या कार्याचेच पुढचे पाऊल ठरेल.