शेजारचा बागुलबुवा

शेजारच्या ओस पडलेल्या घरात कोणी अपरिचित गृहस्थ राहावयास यावा, त्याच्या खिडक्या दिवसाही बंद असाव्यात, आळीतल्या मुलांनी त्याच्यावर पाळत ठेवावी, आणि अखेरीस तो खरोखरीच दुष्ट निघून मुलांची सरशी व्हावी, हा कथालेखकांचा एक आवडता साचा आहे. त्यात करमणूक पुष्कळ असते. परंतु मुलाच्या मनात संशय उपजतो कसा, त्याला खतपाणी कोण घालते, आणि तो खोटा ठरल्यास त्याचे परिमार्जन कोणी करावयाचे, हे प्रश्न अशा कथा सहसा विचारीत नाहीत. ते प्रश्न मनावर घेणाऱ्या दोन अमेरिकन कादंबऱ्यांचा येथे जोडीने विचार करावयाचा आहे. एक डेव्हिस ग्रब ह्यांची १९५३ साली निघालेली ‘द नाइट ऑफ द हंटर’, आणि दुसरी हार्पर ली ह्यांची १९६० साली निघालेली व पुढील वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळालेली ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’. दोहोंचा काळ १९३० नंतरच्या आर्थिक मंदीचा आहे. दोहोंत एक लहानसे गाव आणि भाऊबहिणीची एक जोडी आहे. मात्र एकीत मुलांचा संशय खोटा ठरतो आणि दुसरीत तो अक्षरशः खरा ठरतो.

ली ह्यांच्या कादंबरीतील मेकम्ब हे आलाबामा संस्थानातील काल्पनिक गाव. स्काउट आणि तिचा थोरला भाऊ जेम ह्यांच्या घरापासून तिसऱ्या घरात आर्थर रॅडली नावाचा मनुष्य राहतो. पोरवयात टोळक्याबरोबर केलेल्या दांडगाईबद्दल बापाने त्यास जो घरात कोंडला, तो पुढे वर्षानुवर्षे कोणाच्या दृष्टीस पडलेला नाही. गावाने त्याचे ‘बू’ असे नाव पाडले आहे. जेमच्या सांगण्याप्रमाणे तो साडेसहा फूट उंच असून कच्च्या खारी व मांजरे खातो आणि त्याचे हात सदैव रक्ताने माखलेले असतात. त्या अंगणात चेंडू गेला तर तो गेला असेच समजावयाचे, आणि त्या झाडाची फळे शाळेच्या आवारात पडली तरी ती विषारी म्हणून कोणी तोंडात घालावयाची नाहीत.

हे सर्व विनोदी ढंगाने सांगितले असल्यामुळे वाचक हसतो. परंतु लेखिकेने त्यात एक गोष्ट सहज म्हणून नमूद करून ठेवली आहे. गावात एकदा कोंबड्या व पाळीव जनावरे यांची विटंबना होऊ लागली, तेव्हा संशय बूवर गेला. पुढे खरा अपराधी, एक वेडसर इसम, उघडकीस आला; तरीही लोक रॅडलींच्या घराकडेच पाहत राहिले. पुरावा फिरला, पण संशय जागचा हलला नाही. पुढे जो खटला चालावयाचा आहे त्याचे बीज येथेच पेरलेले आहे, आणि पहिल्या वाचनात ते ध्यानात येत नाही, ह्यातच लेखिकेचे कौशल्य दिसते.

मुलांचा बागुलबुवा मुलांनी निर्माण केलेला नाही, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. बूने बापाच्या मांडीत कात्री खुपसल्याची हकीकत त्यांस पुरविली ती स्टेफनी क्रॉफर्ड ह्या शेजारणीने. मुलांनी फक्त तिचे नाटक करून अंगणात खेळावयास आरंभ केला. मोठ्यांच्या ओसरीवरील कुजबूज हीच मुलांच्या खेळाची संहिता बनते.

आणि मग त्या कुजबुजीस छेद देणारा प्रत्यक्ष अनुभव येऊ लागतो. रॅडलींच्या झाडाच्या ढोलीत च्युइंगगम, जुनी नाणी, साबणाच्या कोरीव बाहुल्या, मोडके घड्याळ अशा वस्तू मुलांस सापडतात. कुंपणाला अडकून फाटलेली जेमची विजार ओबडधोबड टाके घालून, घडी करून ठेवलेली आढळते. मुले आभाराची चिठ्ठी लिहितात. पण ती ढोलीत ठेवण्यापूर्वीच बूचा भाऊ ढोल सिमेंटने बुजवून टाकतो. झाड रोगट झाले म्हणून, असे तो कारण देतो. जेम वडिलांस विचारतो. झाड तर चांगले हिरवेगार आहे, असे ते म्हणतात. जेम अंधार पडेपर्यंत ओसरीवर उभा राहतो, आणि तो रडला होता हे स्काउटला त्याच्या चेहऱ्यावरून कळते. ती का, ते सांगत नाही. तिला ते समजलेलेही नाही. ज्यास आपण राक्षस समजलो तो एक एकाकी मनुष्य आहे आणि त्याचा जगाशी राहिलेला एवढासा दुवाही दुसऱ्या कोणी बुजविला, हे त्या मुलास त्या संध्याकाळी उमगले. आमच्या मते हे ह्या कादंबरीतील सर्वोत्कृष्ट स्थळ होय. न्यायालयातील भाषणाचा लौकिक मोठा असला तरी त्याचा क्रम ह्यानंतरचा.

ग्रब ह्यांच्या कादंबरीतील जॉन हा मुलगा ह्याच्या अगदी उलट परिस्थितीत सापडतो. त्याच्या बापाने चोरून आणलेले दहा हजार डॉलर बहिणीच्या बाहुलीत दडविले आहेत, आणि बाप फाशी गेल्यावर त्या पैशाच्या वासाने हॅरी पॉवेल नावाचा धर्मोपदेशक गावात येतो. त्याच्या बोटांवर एका हातास ‘प्रेम’ व दुसऱ्या हातास ‘द्वेष’ अशा अर्थाची अक्षरे गोंदलेली आहेत. त्याच्या गोड वाणीवर सारे गाव लुब्ध होते. आइसी स्पून ही प्रतिष्ठित बाई तर जॉनच्या विधवा आईस त्याच्याशी लग्न करावयास भरीस घालते. एकटा जॉन त्यास ओळखून आहे, आणि त्याचे कोणी ऐकत नाही. चार्ल्स लॉटन ह्यांनी १९५५ साली ह्या कथेचा चित्रपट केला. त्यात पॉवेल पकडला गेल्यावर जमावाच्या अग्रभागी त्याच्या रक्तासाठी ओरडत असते ती हीच आइसी स्पून. तिची भक्ती आणि तिचा क्रोध ही दोन्ही सारखीच आंधळी आहेत.

तेव्हा मुलाच्या संशयावर विश्वास ठेवावा की ठेवू नये? ह्या दोन पुस्तकांचे उत्तर वरवर परस्परविरोधी दिसते. वस्तुतः ते एकच आहे. जॉनचा संशय त्याने स्वतः पाहिलेल्या व ऐकलेल्या गोष्टींवर आधारलेला आहे. पॉवेल एकांतात मुलांस पैशाविषयी कसा दरडावतो हे त्याला अनुभवाने ठाऊक आहे. जेम आणि स्काउट ह्यांनी बूस कधी पाहिलेलेच नाही. त्यांचा संशय उसना आहे. मुलाच्या स्वतःच्या डोळ्यांनी दिलेली साक्ष आणि मोठ्यांच्या बोलण्याचा त्याच्या तोंडून उमटलेला प्रतिध्वनी ह्यांत भेद करावयास शिकणे, हे ह्या दोन कादंबऱ्यांच्या एकत्र वाचनाचे फळ होय.

ली ह्यांच्या कृतीत एक मोठे वैगुण्यही आहे आणि त्याची नोंद केलीच पाहिजे. बूविषयीच्या संशयाची परिणती टॉम रॉबिन्सनच्या खटल्यात दाखविण्याचा त्यांचा बेत आहे. डावा हात निकामी असलेल्या ह्या कृष्णवर्णीय मजुरास ज्यूरी बलात्काराबद्दल दोषी ठरविते. पुढे तुरुंगातून पळताना तो गोळ्या लागून मरतो. परंतु बूच्या एकेका भेटवस्तूचे जितके बारकाईने वर्णन आहे, तितके टॉमच्या मनाचे कोठेच नाही. शिवाय, मुलांवर सुरी घेऊन चालून आलेला बॉब युअल बूच्या हातून मरतो, तेव्हा शेरीफ तो आपल्याच सुरीवर पडला असे ठरवून प्रकरण मिटवितो. गोऱ्या एकांतवासीयास कायदा बाजूस ठेवून अभय मिळते. टॉमच्या वाट्यास मात्र कायद्याची सारी कठोरता येते. वाचकाचे डोळे बूच्या बचावाने ओले होतात, आणि त्या भरात ही विषमता दृष्टीआड होते. लेखिकेने ती जाणूनबुजून मांडली असती तर ग्रंथ अधिक कठोर आणि अधिक थोर झाला असता.

असे असूनही शेवटी बूस घरी पोहोचवून स्काउट त्याच्या ओसरीवर उभी राहते आणि तेथून आपली आळी प्रथमच पाहते, त्या प्रसंगाचे मोल कमी होत नाही. ज्या खिडकीची तिला इतकी भीती वाटली, तिच्यातून इतकी वर्षे कोणीतरी ह्या मुलांचे खेळ, त्यांची भांडणे, त्यांचे आजार पाहत होते, हे तिला कळते.

आपल्याकडेही मुलांस लवकर निजविण्यासाठी बागुलबुवा बोलावितात, आणि त्यात फारसे बिघडत नाही. परंतु शेजारी नवीन आलेल्या बिऱ्हाडाविषयी आपण जेवताना जे बोलतो, त्यांची जात, त्यांचे खाणे, त्यांचे दार लोटलेले का असते, ते पाटावर बसलेली मुले ऐकत असतात. जेमसारख्या जाणत्या मुलांच्या हाती हे पुस्तक अवश्य द्यावे; आणि देण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी ते स्वतः वाचावे, कारण त्यातील स्टेफनी क्रॉफर्ड मुलांपेक्षा त्यांच्याच अधिक ओळखीची असण्याचा संभव आहे.