सारांशातून काय गळते?

आमच्या महाविद्यालयात संगणक शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याबरोबर मी गेल्या वर्षी मराठी मजकुराचा आपोआप सारांश काढणारे साधन तयार करून पाहिले. मी मराठीचा अध्यापक. घरातला पहिला पदवीधर. 'एक तृतीयांश सारांश लिहा' या प्रश्नाची उत्तरे वर्षानुवर्षे तपासत आलो. यंत्राला हे काम कितपत जमते, एवढेच कुतूहल होते. प्रयोग संपला तेव्हा प्रश्न यंत्राचा उरला नाही. आपल्या समीक्षेचा झाला.

पद्धत जुनीच निवडली. १९५८ साली आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी ती मांडली. मजकुरात जे शब्द वारंवार येतात ते महत्त्वाचे. अशा शब्दांची दाटी ज्या वाक्यात, ते वाक्य सारांशात. सर्वत्र आढळणारे सामान्य शब्द आधीच वगळायचे. लून यांच्यासमोर शास्त्रीय लेख होते. तिथे संज्ञा पुन्हा पुन्हा येते, म्हणून हिशेब बरा जुळतो.

मराठीत पहिली अडचण व्याकरणाची. पाणी, पाण्याला, पाण्यावर, पाण्याचा हे यंत्राला चार वेगळे शब्द. सामान्यरूप ओळखून ते मूळ शब्दाशी जोडण्याचे नियम आम्ही लिहिले. दुसरी अडचण वगळायच्या शब्दांची. विद्यार्थ्याने यादी केली: आणि, पण, आहे, आम्ही, ते, नाही, नव्हते. हे शब्द सगळीकडे असतात, हे खरेच. तरी माझा हात अडखळला. ज्या साहित्याने 'नाही' म्हणतच जन्म घेतला, 'आम्ही' कोण आणि 'ते' कोण हाच ज्याचा झगडा, त्याचा सारांश हे शब्द गाळून कसा निघणार?

मग आईने सांगितलेली, मी उतरवून घेतलेली हकीकत यंत्राला दिली. तीन वाक्ये बाहेर आली. विहीर गावाच्या दुसऱ्या टोकाला होती. पाणी भरायला अख्खी दुपार जायची. घागरी घेऊन बायका विहिरीजवळ उन्हात बसून राहायच्या. वाचणाऱ्याला वाटावे, हे पाणीटंचाईचे गाव. आईचे एक वाक्य मात्र गळाले: "आम्हांला हात लावू देत नव्हते." त्यात पाणी नाही, विहीर नाही, घागर नाही. 'हात' सबंध हकिकतीत एकदाच आलेला. विहिरीला पाणी भरपूर होते!

आई ते वाक्य दुसऱ्यांदा का बोलली नाही? कष्ट माणूस पुन्हा पुन्हा सांगतो. अपमान एकदाच सांगतो.

यंत्राला दोष देऊन आपली सुटका नाही. १९७८ साली 'बलुतं' आले. तेव्हापासून आपल्या आत्मकथनांवर 'दारिद्र्याचे विदारक चित्रण' असा शेरा किती वेळा वाचावा लागला! भूक आणि झोपडी मोजायची, जात गाळायची, ही पद्धत माणसांचीही आहे. माझीही होती. एखाद्या मुलाने असे एकटे वाक्य सारांशात ठेवले की 'अनावश्यक तपशील' म्हणून मी गुण कापत असे.

आजची मोठी भाषा-प्रारूपे नुसती वाक्ये निवडत नाहीत, नव्या शब्दांत लिहून देतात. मजकूर इतका गुळगुळीत होतो की काय गळले ते दिसत नाही. आमच्या साध्या साधनात गळालेल्या वाक्यावर बोट तरी ठेवता आले. शिवाय अशा सारांशांना गुण कसे देतात? २००४ साली चिन-यू लिन यांनी मांडलेली 'रूज' ही मोजणी माणसाने लिहिलेल्या नमुन्याशी शब्द किती जुळतात ते पाहते. म्हणजे नमुना ज्याचा, मानदंड त्याचा. मानदंड कोणाचा, हा प्रश्न दलित साहित्याने मराठी समीक्षेला केव्हाच विचारला आहे. तोच आता इथेही विचारायला हवा.

यादीतून 'नाही', 'नव्हते', 'आम्ही' हे शब्द आम्ही काढून टाकले, म्हणजे ते मोजणीत आले. आईचे वाक्य वर आले. पण 'त्या दिवशी बाजार नव्हता' हेही आले. दोन नकारांतला फरक मोजणीला कळत नाही. तो जगलेल्या माणसाला कळतो. म्हणून नमुने लिहायला आणि गाळलेले तपासायला आपली माणसे बसली पाहिजेत. ते होईपर्यंत सारांश हाती आला की मूळ मजकूर मागावा.