अंगण नसलेली अंगणवाडी : बालवर्गाच्या अंतर्बाह्य अवकाशरचनेची समीक्षा

पूर्वप्राथमिक शिक्षणसंस्थांना वेळोवेळी जी नावे मिळाली त्यांत बाहेरची जागा सतत डोकावते. फ्रोबेलने १८४० मध्ये योजलेल्या ‘किंडरगार्टन’ या शब्दात बाग आहे. आपल्या ‘अंगणवाडी’त अंगण तर आहेच, शिवाय वाडीही आहे; आणि कोकणात वाडी म्हणजे जशी वस्ती तशीच नारळी-पोफळीची बागही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने पहिलीच्या आधीच्या वर्गासाठी स्वीकारलेल्या ‘बालवाटिका’ या नावातही वाटिका आहे. प्रत्यक्षात मात्र या नावांखाली जे उभे राहते ते बहुधा चार भिंतींचे असते. नाव बाहेरचे आणि रचना आतली, हा विरोध केवळ जागेच्या टंचाईमुळे निर्माण झालेला नाही, तर बाहेरच्या अवकाशाकडे पाहण्याच्या आपल्या दृष्टीतच तो रुजलेला आहे, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

या विधानाला आधार आपल्याच नियमावलीत सापडतो. २०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणाने किमान गुणवत्तेच्या ज्या अटी घातल्या, त्यांत तीस मुलांच्या गटासाठी किमान ३५ चौरस मीटरचा वर्ग आणि किमान ३० चौरस मीटरची बाह्य जागा असावी असे म्हटले आहे. म्हणजे आत दर मुलामागे सव्वा चौरस मीटरलाही थोडे कमी आणि बाहेर एक चौरस मीटर. धोरणाने बाहेरची जागा अनिवार्य मानली, परिसर हिरवा असावा असेही सुचविले, याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. तथापि या दोन आकड्यांचे परस्परप्रमाण विचारात घेण्यासारखे आहे. बसण्यासाठी अधिक जागा आणि धावण्यासाठी कमी, हे गणित मुलाच्या शरीराचे नसून बसविणाऱ्याच्या सोयीचे आहे. तुलनेसाठी कॅलिफोर्नियातील बालकेंद्रांचे परवाना-नियम पाहावेत. तेथे दर मुलामागे आत ३५ चौरस फूट, तर बाहेर ७५ चौरस फूट, म्हणजे साधारण सात चौरस मीटर जागा लागते. कॅलिफोर्नियाची सुबत्ता आपल्याकडे नाही, हे मान्य. परंतु मुद्दा आकड्यांच्या मोठेपणाचा नसून त्यांच्या क्रमाचा आहे. तेथे बाहेर हे आतल्याच्या दुपटीहून अधिक आहे. आपल्याकडे ते आतल्यापेक्षा कमी आहे. सहा मीटर लांब व पाच मीटर रुंद अशा तुकड्यात एक घसरगुंडी, एक झोका आणि त्यांच्याभोवती सुरक्षिततेसाठी सोडावयाची मोकळी जागा एवढे बसविले की अवकाश संपतो. माती, पाणी, झाड यांना त्यात थारा उरत नाही.

परंपरेने काय सांगितले आणि आपण काय घेतले

बालशिक्षणाच्या ज्या प्रवर्तकांची नावे आपण प्रशिक्षण-अभ्यासक्रमांत शिकवितो, त्यांच्या विचारात बाहेरचा अवकाश हा विश्रांतीचा भाग नव्हता. फ्रोबेलच्या कल्पनेत प्रत्येक मुलाचा स्वतःचा लहान वाफा आणि त्याबरोबर सर्वांचा सामाईक वाफा होता. खाजगी आणि सार्वजनिक मालमत्तेचा पहिला पाठ मूल तेथे हाताने शिकत असे. मारिया माँटेसोरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत पहिले बालगृह सुरू केले. वर्गखोली आणि बाग यांचा थेट संबंध असावा व मुलांना दिवसभर हवे तेव्हा आत-बाहेर करता यावे, असा त्यांचा आग्रह होता. महाराष्ट्रातील शहरी ‘माँटेसोरी’ वर्गांनी त्यांच्याकडून गुलाबी मनोरा घेतला, दट्ट्यांच्या पेट्या घेतल्या, कधीकधी केवळ नाव घेतले; उघडे दार मात्र घेतले नाही.

लंडनमधील डेप्टफर्ड येथे रेचेल आणि मार्गारेट मॅकमिलन या भगिनींनी १९१४ मध्ये सुरू केलेली खुली बालशाळा या संदर्भात विशेष महत्त्वाची आहे. गरीब, दमट, आजारी वस्तीतील त्या शाळेत बाग हे केंद्र होते आणि इमारत हा बागेचा आडोसा होता. लंडनच्या थंडीपावसात जर हे शक्य झाले, तर वर्षातील बराच काळ कोरडे हवामान असलेल्या प्रदेशात ते अशक्य का ठरावे, असा प्रश्न कोणालाही पडेल.

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर शोधले ते ताराबाई मोडक यांनी. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या सहवासात बालशिक्षणाची दीक्षा घेतलेल्या ताराबाईंनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येत नसत, कारण धाकटे भावंड सांभाळणे, गुरांमागे जाणे ही त्यांची कामे होती. तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेण्यात आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा झाली. महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, खडे, पाने ही साधने झाली. येथे एक सूक्ष्म भेद लक्षात घ्यावयास हवा. ताराबाईंचे अंगण ही शाळेला जोडलेली मोकळी जागा नव्हती. ते मुलाचे, त्याच्या आईचे, कोंबड्यांचे आणि उखळाचे अंगण होते. शाळा त्यात पाहुणी म्हणून आली होती. शिकण्याची जागा आणि जगण्याची जागा यांतील भिंतच तेथे नव्हती.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला. शब्द पोहोचला, अंगण मागे राहिले. पोषण, लसीकरण, वजनाच्या नोंदी, साठ्याचे धान्य या सर्वांसाठी खोली आवश्यक होती व आहे. यात दोष देण्यासारखे काही नाही. परंतु खोली मिळाली की केंद्र ‘पूर्ण’ झाले, असे समजण्याची सवय यंत्रणेला लागली. शहरांतील भाड्याच्या खोल्यांत चालणाऱ्या केंद्रांना तर दारापुढची गल्ली हेच अंगण असते. अर्थात कोसबाडचा प्रयोग आदर्श म्हणून डोक्यावर घेतानाही सावध राहावयास हवे. तेथील अंगण कोणी आखलेले नव्हते, ते आयते मिळाले होते. ते आयते मिळत नाही तेथे ते रचावे लागते, आणि या रचनेचा विचार त्या प्रयोगातून तयार मिळत नाही.

आतला अवकाश : खिडकी आणि भिंत

आतल्या रचनेविषयी दोनच गोष्टी नोंदवितो. चार वर्षांच्या मुलाची उंची साधारण एक मीटर असते. म्हणजे त्याचे डोळे जमिनीपासून नव्वद सेंटिमीटरच्या आसपास असतात. नेहमीच्या बांधकामात खिडकीचा उंबरठा याच उंचीवर येतो. परिणामी मुलाला खिडकीतून दिसलेच तर आकाश दिसते. झाडाचे खोड, रस्ता, येणारी आजी दिसत नाही. उंबरठा पंचेचाळीस सेंटिमीटरपर्यंत खाली आणून मजबूत जाळी बसविली, तर तीच खिडकी बैठकही होते. यासाठी अधिक जमीन लागत नाही.

दुसरी गोष्ट भिंतींची. वास्तुविशारद कबीर वाजपेयी यांनी विकसित केलेल्या ‘बाला’ संकल्पनेत इमारत हेच शैक्षणिक साधन मानले होते. दाराच्या उघडझापीत कोन दिसावेत, खिडकीच्या गजांत आकृत्या सापडाव्यात, फरशीवर अंतरे मोजता यावीत, असा तिचा आशय होता. आपल्याकडे अनेक ठिकाणी तिचे रूपांतर रंगकामात झाले. मुळाक्षरे, फळे, परदेशी कार्टूनमधील प्राणी असे चित्रकाराने प्रौढांच्या उंचीवर रंगविले आणि मुलाने स्वतः काढलेले चित्र लावायला भिंत उरली नाही. रंगविलेली भिंत पाहुण्यांना दाखविता येते, हे या लोकप्रियतेचे एक कारण असावे, अशी शंका येते.

पडवीचा प्रश्न

आत आणि बाहेर यांच्या मधल्या जागेचा विचार आपल्या आराखड्यांत जवळजवळ नसतो, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते खरी अडचण तेथेच आहे. आमच्या शहरातील एका बालवर्गाचे निरीक्षण करण्याचा योग आला. वर्ग पहिल्या मजल्यावर, खेळाची जागा खाली. बाहेर खेळण्याची तासिका अर्ध्या तासाची. रांग लावणे, बूट घालणे, जिना उतरणे आणि परत येताना हेच सारे उलट क्रमाने, यांत त्यातील जवळपास निम्मा वेळ गेला. बाईंनी दोन वेळा घड्याळ पाहिले. ज्या मुलीला फरशीच्या फटीत मुंग्यांची रांग सापडली होती, तिला उठवून आणावे लागले. जागा होती, साधने होती, बाईंचे मुलांवर प्रेमही होते. दोन अवकाशांना जोडणारा दुवा नव्हता.

वस्तुतः मराठी घराने हा दुवा फार पूर्वी सिद्ध केला आहे. अंगण, ओटी, पडवी, माजघर ही केवळ खोल्यांची नावे नव्हेत, ती उघड्यापासून बंदिस्तापर्यंतची पायरी-पायरीने जाणारी वाट आहे. कोकणात पावसाळ्याचे चार महिने अंगण वापरता येत नाही, तेव्हा सारा संसार पडवीत येतो. विदर्भात मार्च-एप्रिलच्या दुपारी पश्चिमेची बाजू निरुपयोगी होते आणि पूर्वेच्या सावलीला किंमत येते. म्हणजे एकच आराखडा रत्नागिरीला आणि अकोल्याला चालणार नाही. हल्ली मातीऐवजी कृत्रिम हिरवळ अंथरण्याची पद्धत पडली आहे. ती उन्हात नैसर्गिक गवतापेक्षा कितीतरी अधिक तापते. तरीही ती निवडली जाते, कारण ती छायाचित्रात हिरवी दिसते आणि कपडे मळत नाहीत.

पडवीचे महत्त्व मनुष्यबळाच्या दृष्टीनेही आहे. २०१३ च्या धोरणात तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती असे प्रमाण दिले आहे. अंगणवाडीत सेविका आणि मदतनीस अशा दोघी असल्या तरी मदतनिसाचा बराच वेळ आहार व स्वच्छता यांत जातो. एकट्या सेविकेने काही मुलांना आत व काहींना बाहेर ठेवावे, ही अपेक्षा तेव्हाच रास्त ठरते जेव्हा एका जागी बसून तिला दोन्हीकडे दिसते. रुंद पडवी, तिच्या एका बाजूस कमी उंचीच्या खिडक्यांची खोली आणि दुसऱ्या बाजूस कुंपण घातलेले अंगण अशी रचना असेल तर हे शक्य होते. अन्यथा मुक्त संचार हा शब्द पाठनियोजनाच्या वहीतच राहतो.

शहरांत जमीन नाही, हा आक्षेप खरा आहे. परंतु जेथे जमीन आहे तेथेही अंगणाऐवजी फरसबंदी होते, याचे उत्तर त्यात मिळत नाही. पालकांना चिखल नको असतो, हा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याची जबाबदारी काही अंशी आपणा अध्यापकांवर येते. गृहविज्ञान महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा-बालवाड्या आणि अध्यापक विद्यालयांचे सराववर्ग येथेच पालक व भावी शिक्षिका पहिल्यांदा आदर्श रचना पाहतात. तेथे वनस्पतिशास्त्र, वास्तुरचना आणि बालविकास या विषयांच्या अध्यापकांनी एकत्र येऊन एखादी पडवी, एखादा वाळूचा हौद, एखादा वाफा उभा केल्याची उदाहरणे विरळाच. तोपर्यंत निदान एक किरकोळ बदल करता येण्याजोगा आहे. छात्राध्यापिकांच्या निरीक्षणवहीत पाठाचे नाव आणि वेळ असते. त्याशेजारी ‘आत’, ‘पडवीत’, ‘बाहेर’ असे तीन रकाने आखावेत आणि वर्षअखेर त्यांतील खुणा मोजून विभागाच्या बैठकीत ठेवाव्यात.