नर्सांच्या टेपा आणि गाळलेली उतरंड



माझी मावशी सरकारी दवाखान्यात नर्स होती. ‘विविध पार्श्वभूमीच्या परिचारिकां’च्या आठवणी गोळा करणारी दोन पुरोगामी माणसं टेप घेऊन तिच्या घरी आली. मावशी दोन तास बोलली. छापून आलं दीड पान. त्यात रुग्णसेवेचं समाधान होतं. ड्यूटीरूममध्ये तिचा चहाचा कप वेगळा ठेवत, ते मात्र नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाले, “तो आमचा विषय नव्हता.” मग विषय होता तरी कोणता?

याच्या उलट एक पुस्तक वाचलं. बेव्हर्ली ब्रायन, स्टेला डॅडझी आणि सुझान स्केफ या तीन काळ्या बायांचं ‘द हार्ट ऑफ द रेस’, १९८५ सालचं. ब्रिटनमधल्या काळ्या बाया त्यात स्वतः बोलतात, नर्साही बोलतात. ५ जुलै १९४८ ला तिथं सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली. माणूसबळ कमी पडलं, म्हणून कॅरिबियन बेटांवरून पोरी आणल्या. तेव्हा तिथं नर्सांचे दोन दर्जे होते. तीन वर्षं शिकून ‘स्टेट रजिस्टर्ड’, दोन वर्षं शिकून ‘स्टेट एनरोल्ड’. बढती पहिलीला. काळ्या पोरींपैकी कितीतरी जणींना दुसऱ्या दर्जात ढकललं, फरकही धड सांगितला नाही. वर तो दाखला मायदेशात चालत नसे. म्हणजे पुढची वाट बंद, मागचीही बंद.

हे कागदावर आलं, कारण विचारणाऱ्या बाया त्याच चळवळीतल्या होत्या. आपल्याकडं ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायांना असंच बोलतं केलं, म्हणून १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ उभं राहिलं.

म्हणून ‘विविध पार्श्वभूमी’ हा शब्द मला खटकतो. विविधता बागेतल्या फुलांत असते. वॉर्डात होती ती उतरंड. सगळ्या नर्सा एका ओळीत बसवल्या की कोण कुणाच्या खाली होती, ते पुसलं जातं. पुसणाऱ्यांना तेच हवं असतं.

दोस्तांनो, तुम्ही टेप घेऊन जाल तेव्हा ‘सेवा करताना कसं वाटलं’ हे मागाहून विचारा. आधी विचारा, बेडपॅन कुणाच्या वाट्याला यायचं? रात्रपाळी कुणाला लागायची? क्वार्टर कुणाला मिळालं? बढती कुणाची अडली? आणि लिहून झालं की तिला वाचून दाखवा. “हे माझं नाही” म्हणाली, तर पुन्हा लिहा. तिची भाषा सोवळी करू नका.

माझी मावशी आता नाही. तिचे दोन तास वाया गेले. दुसऱ्या कुणाचे जाऊ देऊ नका.

जय भीम.