शेजारच्या खोलीतला शेरलॉक

नामांकित डिटेक्टिव्हला बाईच्या रूपात नव्याने उभं करण्याची कल्पना जुनीच आहे. रहस्यकथाकार रेक्स स्टाऊट यांनी १९४१ साली होम्सभक्तांच्या मेळाव्यात 'वॉटसन ही बाई होती' असं भाषण ठोकून खळबळ उडवली होती. अर्थात ती थट्टा होती. २०१२ साली सीबीएसच्या 'एलिमेंटरी'त लूसी ल्यूची जोन वॉटसन आली; मालिकेने तिला होम्सची प्रेयसी न करता स्वतंत्र डिटेक्टिव्ह होऊ दिलं, हे श्रेय द्यायलाच हवं. २०१८ साली जपानमध्ये 'मिस शेरलॉक' निघाली. तीही मी आवडीने पाहिली. पण इंजिनियरची खोड जात नाही: एक इनपुट बदललं, मग आउटपुट बदललं का? इथे फारसं नाही. त्या तुसड्या, हुशार बाईच्या जागी पुरुष ठेवला, तरी बहुतेक प्रसंग तसेच चालतील.

शेरी थॉमस यांच्या 'लेडी शेरलॉक' कादंबरीमालेत (पहिली २०१६ची) मात्र सगळं गणितच फिरतं. चीनमध्ये जन्मून अमेरिकेत आलेल्या या लेखिकेची शार्लट होम्स व्हिक्टोरियन लंडनमधली. बुद्धी होम्सचीच, पण बाईला फी मोजून सल्ला कोण विचारणार? म्हणून ती एक आजारी भाऊ निर्माण करते. 'शेरलॉक' शेजारच्या खोलीत अंथरुणाला खिळलेला, बहीण नुसती निरोप पोचवणारी! अशील उत्तर ऐकतो तिचं, आभार मानतो रिकाम्या खोलीचे. हे वाचून हसू येतं आणि लगेच मावळतं. आमच्या क्षेत्रातल्या मीटिंगांमध्येही बाईने दाखवलेला बग दहा मिनिटांनी एखाद्या पुरुषाने दाखवला, की मगच तो 'सापडतो'.

याचं बीज खुद्द डॉयलकडे आहे. सगळे आयरीन अ‍ॅडलरचं नाव घेतात. मला १८९२च्या 'कॉपर बीचेस' कथेतली गव्हर्नेस व्हायोलेट हंटर अधिक जवळची वाटते. मालक तिला खिडकीकडे पाठ करून बसवतो. ती रुमालात आरशाचा तुकडा लपवते आणि मागच्या रस्त्यावर उभा असलेला माणूस हेरते. बंद खणातून आपल्याच रंगाच्या केसांचा शेपटा शोधून काढते. होम्स तिथे पोचण्याआधी निम्मं काम तिनेच उरकलेलं असतं. गुंता सुटल्यावर होम्सचा तिच्यातला रस संपतो, वॉटसनला त्याची हळहळ वाटते, आणि डॉयल तिला वॉल्सॉलच्या एका खाजगी शाळेत मुख्याध्यापिका करून मोकळे होतात. तिच्यावर कुणी चांगली कादंबरी लिहिली, तर मी पहिल्याच दिवशी विकत घेईन.